भिंतीपलीकडच्या खोल्या

परभणीत संगणकाला पहिल्यांदा ‘अरे-तुरे’ कुणी केलं असेल, तर ते आमच्या आत्यानं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. बाकीच्या गावानं हे यंत्र पुढं कित्येक वर्षांनी पाहिलं, तेही चपला बाहेर काढून, काचेच्या गार खोलीत, दबक्या आवाजात. आत्या त्याच्या कितीतरी आधी त्याच्यासमोर पाटावर बसून त्याला ‘मुडद्या’ म्हणून मोकळी झाली होती.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. शाळेत तिची भाषा इतकी शुद्ध, की शिपाईसुद्धा तिच्याशी बोलायच्या आधी घसा साफ करून घ्यायचा. जन्म जवळच्याच पोखर्णी गावचा, पण पोखर्णीची बोली तिनं जुन्या लुगड्यांसारखी ट्रंकेत घालून ठेवलेली. ती बाहेर निघायची फक्त या यंत्रासमोर. यंत्र तिच्या दिरानं परदेशातून आणलेलं. नुसता कळफलक, जाड पाटीएवढा. तो टीव्हीला जोडायचा आणि शेजारी कॅसेटचा टेप ठेवायचा. मी तेव्हा शाळेसाठी आत्याकडं राहायला होते. तिला मूलबाळ नव्हतं, आणि आतोबा गंगाखेडला साखर कारखान्यात. उसाचा हंगाम सुरू झाला की तिकडंच मुक्काम. यंत्र खरं तर माझ्या अभ्यासासाठी आलं होतं. आत्या म्हणाली, आधी मी तपासून बघते. आणि ती तपासणी मी कॉलेजात जाईपर्यंत संपली नाही.

त्या यंत्राबरोबर खेळाची एक कॅसेट आली होती. खेळ कॅसेटमधून यंत्रात उतरायला चहा उकळून, गाळून, पिऊन होईल एवढा वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ टेप नुसता किंचाळत राहायचा. कुणाच्या पावलानं किंवा भांड्याच्या आवाजानं तो बिघडतो अशी आत्याची ठाम समजूत होती. त्यामुळे घरात चालायला बंदी, कुकर लावायला बंदी, आणि दारात पाहुणा आला तर त्यानं तिथंच एका पायावर थांबायचं. खेळ उतरत आला की हमखास लाईट जायची. शेजारीपाजारी वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढायचे. आत्या शांतपणे कॅसेट मागं फिरवून ठेवायची आणि लाईट येईपर्यंत मला काहीबाही सांगत बसायची. तिच्या लग्नाची हकीकत मला अशीच कळली. लग्नानंतर वर्षभर आतोबा इतकं कमी बोलले, की ते तोतरे असावेत आणि आपल्यापासून हे लपवलं असावं, असा तिचा संशय होता.

खेळ तसा साधा. जमिनीखाली खोल्याच खोल्या, त्यांतून एक चिमुकला माणूस किल्ल्या गोळा करत फिरतो. आत्यानं त्याचं नाव किसन ठेवलं होतं. “कुठं पडायलास रे? डोळे हायत का बटणं?” असं ती त्याला विचारायची आणि पडला की त्याच्या नावानं हळहळायचीही. किसनला वाटेत वटवाघळं आणि सापसदृश काहीतरी आडवं यायचं, त्यांना मारलं की गुण मिळत. पण सोमवारी आत्याचा महादेवाचा उपवास, त्यामुळे सोमवारी हत्या वर्ज्य. त्या दिवशी किसन सगळ्यांना वाट देत, अंग चोरून जायचा, आणि गंमत म्हणजे नेहमीपेक्षा पुढं पोचायचा. दोन्ही हात एकदम चालवणं आत्याला कधी जमलं नाही. चालवणार ती, उडी मारणार मी. एकाच कळफलकावर आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून बसायचो, आणि तिचा श्वास अडकला की मी उडी मारायची, हे आमच्या अंगवळणी पडलं होतं.

एका खोलीपाशी मात्र आमचं कायमचं अडलं. पलीकडं उंच भिंत, खाली खिळे. आत्यानं पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलून ठेवला. जो देव खांब फोडून बाहेर आला, त्याला एका भिंतीचं काय कौतुक, असा तिचा हिशेब होता. देवानं मनावर घेतलं नाही. मग मी कॉलेजसाठी औरंगाबादला गेले आणि उडी मारायला माणूस उरलं नाही. आत्यानं दूधवाल्याला बसवून पाहिलं, शेजारच्या वकिलीणबाईंना बसवून पाहिलं. वरची खोली भाड्यानं मागायला एक बँकेतले गृहस्थ आले, त्यांना तिनं नाव-गाव विचारायच्या आधी उडी मारायला लावली. ती बरी जमली म्हणून खोली त्यांना मिळाली. त्यांच्या आधी येऊन गेलेले एक प्राध्यापक घाईनं उडी मारतात म्हणून नापास झाले होते.

आतोबा या सगळ्यापासून लांब असत. सुट्टीला आले की टीव्हीकडं पाठ करून पेपर वाचत. यंत्राबद्दल त्यांनी बरंवाईट कधी काही म्हटलं नाही; ते कशाबद्दलच म्हणत नसत.

दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडं आले तेव्हा यंत्र गेलं होतं. विजेचा दाब एकाएकी वाढला आणि आतून जळका वास आला, एवढंच आत्यानं सांगितलं. ती नेहमीसारखी करंज्या तळत होती, पण घरात तिचा आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी यंत्र सतरंजीत गुंडाळलं आणि कुणाला काही न सांगता हैदराबादची गाडी धरली. भाऊबीज झाल्यावर परत आले. यंत्र तसंच मेलेलं. आत्यानं ते गुपचूप उचलून आत नेलं. आतोबांनी हातपाय धुतले, खुर्ची ओढली आणि म्हणाले, “दुकानात दुसरं यंत्र होतं. त्याच्यावर तुझा तो खेळ होता. दुकानदारानं भिंत पार केली.”

आत्या स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

“पलीकडच्या खोलीत पाणी आहे,” आतोबा म्हणाले. “निळं. त्यात एक होडी आहे.”

मग होडीला वल्हं आहे का, किसनला पोहता येतं का, पाण्यात काय काय आहे, आत्या विचारत गेली आणि ते सांगत गेले. जेवणं गार झाली. त्या माणसाला इतकं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पुढं कारखान्यातून सुट्टीला आले की ते आणखी एक खोली सांगायचे. निवृत्त झाल्यावर तर रोज संध्याकाळी दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसत.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्यानं ऐंशी ओलांडली आहे. यंदा उन्हाळ्यात मला तो जुना खेळ इंटरनेटवर सापडला. पुण्यात बसून सराव केला आणि एका दुपारी भिंत पार केली. पलीकडं पाणी नव्हतं. होडी नव्हती. तशाच विटा, तशीच वटवाघळं.

परभणीला लॅपटॉप न्यायचा की नाही, यावर मी खूप विचार केला. शेवटी नेला, पण ठरवलं, की भिंतीपर्यंतच खेळायचं. आत्याचा मोतीबिंदू निघालाय, पण बोटं अजून पक्की. आम्ही पूर्वीसारख्या टेकून बसलो. टेप किंचाळला नाही, लाईट गेली नाही, खेळ एका क्षणात सुरू झाला, याचं तिला जरा वाईटच वाटलं. भिंत आली. मी उडी उशिरा मारली. पुन्हा आली, पुन्हा उशिरा.

“मुद्दाम पाडायलीस त्याला,” आत्या म्हणाली. तिनं हात मांडीवर ठेवले. “पलीकडं पाणी न्हाई, ते ठाऊक हाय मला.”

“कधीपासून?”

“हैदराबादेहून आले त्याच संध्याकाळी. खरी खोली बघितली असती तर एका वाक्यात आटपली असती त्यांनी.”

तिनं मला लॅपटॉप मिटायला सांगितला आणि आतोबांनी सांगितलेल्या पाण्याच्या पुढच्या खोल्या सांगायला लागली. एकीत सीताफळाची बाग होती, एकीत नुसते पारवे. मी विचारलं, शेवटच्या खोलीत काय आहे?

“तिथवर सांगणं झालं न्हाई,” ती म्हणाली. “त्यांना दवाखान्यात नेलं तवा किसन पुलावर होता. लाकडाचा पूल, खाली नदीचं लय मोठं पात्र.” तिनं अंगणाकडं बघितलं. “तिथंच असंल अजून.”