पाठराखीण कोण जाणार?

मला प्रश्न विचारायची खोडच होती. आर्वीजवळच्या त्या गावात आम्ही आठवड्यातून दोनदा बायकांचा साक्षरता वर्ग घ्यायचो आणि शिकवायचं राहायचं बाजूला, मीच विचारत सुटायची. हे काऊन, ते काऊन, ही कोणाची कोण? बायका म्हणायच्या, "ताई, तू शिकवाले येतं का शिकाले?"

ब्याऐंशीचा हिवाळा होता. मी वीस वर्षांची. दिवाळी नुकतीच झाली होती, म्हणून मी सहज विचारलं, कोणाकोणाच्या लेकी माहेरी आल्या? सगळ्या एकदम सांगायला लागल्या. दोघी मात्र खाली पाहून पाटीवर गिरवत राहिल्या. दोघींच्याही पोरी वर्षभरात लग्न होऊन "तिकडे" गेल्या होत्या. तिकडे म्हणजे कुठे?

"रेल्वेनं दोन दिवस लागते म्हणे."

गावाचं नाव?

"मामाले ठाऊक."

पत्र?

"तिले कुठी लिवता येते, बाई!"

पहिल्या दिवाळीलाही पोरगी आली नाही आणि आईला तिच्या सासरच्या गावाचं नावही माहीत नाही! माझं डोकंच चालेना. हा मामा कोणाचा सख्खा नव्हे, सगळे त्याला मामाच म्हणायचे. कारंज्याकडचा. हायवेवर ट्रकवाल्यांत त्याची ऊठबस, आणि गावोगाव सोयरिकी जुळवायचा. हुंडा नको, साडी त्याची, जेवण त्याचं. आमच्या संस्थेतल्या मोठ्या ताई म्हणाल्या, असे लोक लग्नाच्या नावानं पोरी विकतात. पण पुरावा आण, नुसत्या संशयावर कोणी ऐकणार नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात कळलं, मामानं आमच्या वर्गातल्याच एकीचं जमवलं. तीन बहिणींतली मधली, अठराची, वर्गात सगळ्यात जोरात हसणारी. बाप नाही, आई मजुरीला. मी धावतच तिच्या घरी गेले आणि वाचलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. फसवणूक, शोषण, स्त्रीची विक्री! तिची आई भाकर थापत होती. म्हणाली, "झालं तुह्यं? आता बिनहुंड्याचा नवरा पाहून दे मले." मधली तर माझ्यावरच चिडली. "तुले काऊन जळते व ताई?"

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गेले तरी. भांडायला नाही, खरं सांगते, पाहायला. अंगणात चार बांबूंचा मांडव. नवरदेव चाळिशीचा, अवघडून बसलेला. त्याच्याकडून दुसरं कोणीच नाही, ना बाप ना बहीण. बायका पुऱ्या लाटत होत्या, मीही बसले. लाटता लाटता विचारलं, "पाठराखीण कोण चालली?"

लाटणी थांबली. नवरीसोबत पहिल्यांदा सासरी कोणीतरी जातंच. मावशी, आत्या, धाकटी बहीण. चार दिवस राहते, घर पाहते, माणसं पाहते, परत येऊन सांगते. घाईत ते कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारची काकू हळूच म्हणाली, "मागच्या दोघींसंगही कोणी नाई गेलं."

मधलीची आई उठली. "मामा, पाठराखीण?"

"अवं माय, दोन दिवसाचा प्रवास. कोणाले नेता?"

"मंग एकटी पोट्टी धाडू का?"

"तिकीट एकच काढलं ना."

"दुसरं मी काढते!" मी ओरडलेच. "मीच जाते!"

मामा हसला. "तू? चार दिवसांत नवरदेवाले प्रश्नांनीच मारशीन." सगळ्या हसल्या, मीसुद्धा. तेवढ्यात काकू सरळ नवरदेवाकडे वळली. "जवाईबापू, लडकी के संग एक बाई आयेगी. चार दिन रहेगी. चलेगा ना?"

पाठराखीण म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं. त्यानं मामाकडे पाहिलं, मग गोंधळून म्हणाला, "हमारी तो एक की ही बात हुई थी. दूसरी नहीं चाहिए."

कढईतली पुरी काळी झाली, कोणी काढेना. आई मधलीजवळ गेली आणि तिच्या मुंडावळ्या सोडल्या. "लग्न नाई होत." मामा गावाच्या इज्जतीचं बोलायला लागला तर काकू म्हणाली, "मामा, आर्वीची बस चुकन तुमची." तो निघाला, नवरदेवासाठी थांबलाही नाही.

मी नवरदेवाजवळ बसले. त्यानं गाव, पोस्ट, स्टेशन सगळं सांगितलं, मी लिहून घेतलं. तुमच्याकडे इकडची कोणी आहे का? आहे म्हणाला, एक. नाव? "सब मराठन बोलते हैं." गेलेल्या दोघींपैकी एकीची आई मागेच उभी होती. तिनं विचारलं, "हसते का ते पोरगी?" मी हिंदीत सांगितलं. त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्या पत्त्यावर आमच्या ताई गेल्या आणि एकीला घेऊन आल्या. दुसरीचा शोध आजही लागलेला नाही.

मधली दोन आठवडे वर्गात आली नाही. तिसऱ्या आठवड्यात आली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. जाताना दारात थांबली.

"तू बरोबरच केलं, माय म्हणते," ती म्हणाली. "पण मले रेल्वेत बसाचं होतं व. वर्ध्याच्या एक ठेसन पुढे तरी."