नावात अडकलेले पैसे

शाळा बंद पडली तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. श्रीगोंद्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं मराठी शिकवलं आणि एका मे महिन्यात, पट उरला नाही असं सांगून संस्थेनं कुलूप लावलं. नवरा साखर कारखान्यावर हंगामी कामाला. मुलगी नगरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. घरी बसून चालण्यासारखं नव्हतं, म्हणून मी जुनी पुस्तकं विकायला लागले. रद्दीवाल्याकडून किलोवर उचलायची, पुसून, फोटो काढून एका वेबसाइटवर टाकायची. गिऱ्हाईक पैसे वेबसाइटला देई, वेबसाइट आपलं कमिशन कापून दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी माझ्या खात्यात भरी. वर्षभर यात कधी खंड पडला नाही.

त्याच भरवशावर मी काष्टीच्या सरांची पुस्तकं घेतली. सरांना हायस्कूलमधून निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती. अलीकडे त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यालाच काही झालं होतं. माणूस समोर आला की आकार दिसे, अक्षर मात्र दिसत नसे. घरात तीन कपाटं भरून पुस्तकं. शब्दकोश, जुने दिवाळी अंक, नाटकं, शेतीवरची पुस्तकं. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर कुठं आणि कधी घेतलं ते जांभळ्या शाईनं लिहिलेलं. कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं.

"मला वाचता येत नाहीत. ज्याला येतं त्याच्याकडे जाऊ द्या," ते म्हणाले. विक्रीतले सत्तर टक्के त्यांचे, तीस माझे, असं ठरलं. कागद केला नाही. दोन कपाटांतली पुस्तकं मी टेम्पोनं घरी आणली.

ती इतकी खपतील असं मला वाटलं नव्हतं. दिवाळी अंकांचे गठ्ठे जमवणारी माणसं असतात, हे मला तेव्हा कळलं. महिन्याभरात सव्वीस हजारांची विक्री झाली. दर दोन दिवसांनी मी पार्सलं बांधत होते आणि सरांना फोन करून आज कुठलं पुस्तक कुठल्या गावाला गेलं ते सांगत होते.

मग पुढच्या महिन्याचा पहिला बुधवार आला आणि पैसे आले नाहीत. वेबसाइट उघडली तर माझ्या नावापुढे लाल पट्टी. पेमेंट होल्डवर, नावाची पडताळणी बाकी.

नावाची गंमत अशी की मला तीन नावं आहेत. चर्चच्या नोंदीत बाप्तिस्म्याचं एक. शाळेत घालताना वडिलांनी लावलेलं दुसरं, आणि पॅन कार्ड त्याच नावानं, माहेरच्या आडनावासकट. बँकेतलं खातं लग्नानंतरचं, नवऱ्याच्या आडनावानं. वर्षभर कुणी विचारलं नाही. मोठी रक्कम दिसली तेव्हा त्यांच्या यंत्राला शंका आली असावी. मी चर्चमधून लग्नाच्या नोंदीचा दाखला आणला, फोटो काढून पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं की फोटो अस्पष्ट आहे. पुन्हा पाठवला. मग रोज एकच उत्तर येऊ लागलं, आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. पलीकडे माणूस आहे की नाही तेच कळेना.

ऑर्डरी मात्र येतच होत्या. पार्सल पाठवलं नाही तर दंड, पाठवलं तर सरांचं आणखी एक पुस्तक जाणार आणि त्याचेही पैसे अडकणार. शेवटी मी उरलेली सगळी पुस्तकं विक्रीतून काढून टाकली.

सरांना मी खरं ते सांगितलं. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला काही दाखवलंत तरी दिसणार नाही, बाई. तुम्ही सांगाल ते ऐकायचं."

हे ते रागानं बोलले नव्हते, पण दिवसभर ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या पुण्याच्या मुलाचा फोन आला. तो शांतपणे बोलत होता. वडिलांच्या आंधळेपणाचा फायदा घेणाऱ्यांना तो ओळखतो, आठ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर तो पोलिसांत जाईल, असं त्यानं सांगितलं. नवरा म्हणाला, मुलीच्या फीचे पैसे खात्यात आहेत, त्यातून त्यांचे देऊन टाक. फीची तारीख पंधरा दिवसांवर होती. मी नाही म्हटलं. अजून वाटत होतं, उद्या सुटतील.

सातव्या दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, मी वेबसाइटच्या नावानं कस्टमर केअरचा नंबर शोधला. जो पहिला दिसला तो लावला. लगेच उचलला गेला. इतक्या दिवसांनी माणसाचा आवाज ऐकून मला रडूच आलं. तो अदबीनं, स्वच्छ मराठीत बोलत होता. मॅडम, तुमचे सव्वीस हजार दिसतायत मला, आत्ता सोडून देतो, म्हणाला. आकडा मीच त्याला आधी सांगितला होता, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. त्यानं एक ॲप घ्यायला लावलं, त्यावरचा नंबर वाचायला लावला, मग बँकेचं ॲप उघडायला सांगितलं.

"आता मोबाईल टेबलावर पालथा ठेवा, मॅडम. पाच मिनिटं हात लावू नका."

मी ठेवला. पण मेसेजचा आवाज झाला, लागोपाठ दुसरा. मी मोबाईल उलटून पाहिला. पडद्यावर माझा हात नसताना आकडे उमटत होते.

मी बटण दाबून धरलं. पडदा काळा होईपर्यंत सोडलं नाही. पायात चपला होत्या की नाही आठवत नाही. बँक घरापासून दहा मिनिटांवर. साहेब डबा खात होते. मी काय बोलले कोण जाणे, पण ते उष्ट्या हातानं उठले आणि कॉम्प्युटरवरच्या मुलीला म्हणाले, खातं गोठवा, पूर्ण. पाच हजार गेले होते. दुसऱ्या मेसेजमधले चाळीस हजार जायचे होते, ते वाचले. सायबरच्या हेल्पलाइनवर तक्रार तिथंच बसून नोंदवली. ते पाच हजार आजवर आले नाहीत.

आणि दोन दिवसांनी वेबसाइटचं पत्र आलं. पडताळणी झाली, रक्कम पाठवली. त्याखालीच दुसरं, रक्कम परत आली, खातं बंद आहे.

मी फोन करायचा नाही असं ठरवलं. सकाळची बस धरून काष्टीला गेले. सर ओसरीवर खुर्चीत बसले होते, त्यांच्या पत्नी, काकू, शेंगा निवडत होत्या. मी लाल पट्टीपासून मोबाईल पालथा ठेवण्यापर्यंत सगळं सांगितलं, स्वतःचा मूर्खपणा न लपवता. सर मान खाली घालून ऐकत होते. काकूंनी मधेच विचारलं, "म्हंजी पैसं हायेत, पन वाटंवर हायेत?" मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला असं मला वाटलं.

सर म्हणाले, "उरलेली पुस्तकं परत आणून द्या."

मी म्हटलं, पैसे येतील सर, शब्द देते.

"येतील. मी खोटं धरत नाही. पण पुस्तकं माझ्या कपाटात असली की कुठलं कुठं आहे ते मला न बघता कळतं. तुमच्याकडे असली की कळत नाही. मुलगा विचारतो तेव्हा मला उत्तर देता येत नाही."

मी उद्याच आणते म्हटलं. त्यांच्या मुलाला मी तिथूनच फोन केला, बँकेचा कागद पाठवला. त्यानं फक्त बरं म्हटलं. पोलिसांचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवाल्याला माझ्याच पैशांनी भाडं देऊन मी खोकी परत नेली. सरांनी कुठल्या फळीवर काय ते तोंडी सांगितलं आणि मी लावलं. एक नाटक मी चुकीच्या फळीवर ठेवलं. त्यांनी बोटांनी कणा चाचपून ते काढून दिलं. मधे जी रिकामी जागा राहिली तिथं ते दोनदा हात फिरवून गेले. मी पुढचं खोकं उघडलं.

खातं सुरू व्हायला अजून तीन आठवडे गेले. मुलीची फी बहिणीकडून उसनी घेऊन भरली. पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा आनंद झाला नाही. तडक बँकेत जाऊन वेबसाइटचं कमिशन जाऊन आलेली सगळी रक्कम रोख काढली आणि काष्टीला गेले.

काकूंनी नोटा मोजल्या. सरांनी आकडा ऐकला, मनात हिशोब केला आणि विचारलं, "तुमचे तीस टक्के कुठं आहेत?"

मी म्हटलं, तुम्हाला त्रास झाला, मला नकोत.

"त्रास वेगळा, व्यवहार वेगळा. काढून द्या गं त्यांचे."

काकूंनी काढून दिले. मी घेतले. सरांनी चहा घ्यायला लावला, मुलीचं विचारलं, माझ्या जुन्या शाळेची इमारत आता कोण वापरतं ते विचारलं. पुस्तकांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

धंदा मी अजून करते. पॅन कार्ड आणि पासबुक आता एकाच नावाची आहेत. त्यासाठी तहसीलला चार खेपा पडल्या. आणि एक बदल केला. कुणाच्या घरची पुस्तकं घ्यायची तर त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवूनच घेते. त्यामुळे एका वेळी एक पिशवीच घेता येते. दोन कपाटं घेण्याइतका पैसा माझ्याकडे कधी नसतो, आणि वाट बघा असं म्हणायची माझी आता हिंमत होत नाही.