पदककाकांचं सोनं

पदककाकांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता, पण ते वाइनवर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला चढायची. त्यांच्या आजोबांनी म्हणे नाशिकला द्राक्षांची वाइन केली, भाऊबंदांनी त्यांना वाळीत टाकलं आणि साहेबाच्या प्रदर्शनात त्याच वाइनला सुवर्णपदक मिळालं. "घरच्यांनी पाणी तोडलं, परक्यांनी सोनं दिलं," हे काकांचं पालुपद.

काका सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनिअर होते. मी पोस्टडॉक करत असताना सेम्बावांगला त्यांच्याच फ्लॅटमधल्या एका खोलीत राहायचो. घरी कोणीही येवो, अगदी एसी दुरुस्त करणारा का असेना, काका त्याला हात धुवायला लावून पदक तळहातावर ठेवत. चहा त्यानंतर. पदकाचा मुक्काम देवघरात, बाळकृष्णाशेजारी. वाइनचं पदक देवात कसं, असं मी एकदा विचारलं. "देवाची तक्रार नाही, तुझी का?" म्हणाले. आजोबांपासून रोज गंध-कुंकू लागून अक्षरं पार बुजली होती. वाचायची गरज कुणाला पडली नव्हती, कारण गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

एका वर्षी जुन्या वाइनवरच्या प्रदर्शनात मांडायला पदकाचं बोलावणं आलं. काकांनी रजा टाकली, नवा शर्ट घेतला. नेमका त्याच दिवशी दसरा. आदल्या दिवशी काकूंनी देवाच्या भांड्यांबरोबर पदकही चिंच आणि रांगोळी लावून खसाखसा घासलं. सोन्याचा मुलामा बेसिनमधून गेला आणि खाली लख्ख तांबं निघालं.

"मला वाटलं मळ निघतोय," काकू रडत म्हणाल्या.

अख्ख्या सिंगापूरला काकांनी शुद्ध सोनं म्हणून सांगितलं होतं. त्यांनी पदक माझ्याकडे दिलं. "सोनं जाऊ दे. आजोबांचं नाव तरी राहिलंय का, बघ."

मी मोबाइलचा टॉर्च लावला. इंग्रजी अक्षरं स्वच्छ उठली होती.

"काका, इथे मिसेस लिहिलंय. मिसेस यमुनाबाई."

यमुनाबाई म्हणजे त्यांची आजी. काकांनी पदक टॉर्चखाली धरून स्वतः वाचलं. मग पुटपुटले, "वाइन आजीची. वाळीत मात्र आजोबा एकटे पडले, आणि तिचं नाव कुणापुढे बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी ते तांब्याचं पदक घेऊन गेले आणि भेटेल त्याला आजीची गोष्ट सांगत सुटले. आजोबाही त्यात होते, पण बाटल्या धुवायला.

निवृत्त होऊन ते नाशिकला निघाले तेव्हा मी चांगी विमानतळावर पोचवायला गेलो. पदक हातात घ्यावंसं वाटलं म्हणून मागितलं, तर ते काकूंच्या पर्समध्ये होतं. "तिच्याकडेच राहू दे," काका म्हणाले. "आम्ही नुसतं पुजलं. घासलं हिनं."

काकू लाजल्या. माझे डोळे भरून आले.