तिसरी पेटी

पेटीवर बोटं वाजवून पाहणाऱ्या त्या माणसाचा मला अजून राग येतो. टरबूज घ्यायला आल्यासारखा तो मांडवात आला, आमच्या स्पीकरच्या पेट्यांपुढे वाकला आणि एकेकीवर टकटक करत गेला. पिंपळगाव राजातलं लग्न होतं, तो नवरीचा काका. पहिल्या दोन पेट्या घट्ट बोलल्या, पुढच्या दोन पोकळ. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि साऱ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "काय बे, खोके आनले का आमाले दाखवाले?"

खोकेच होते ते. आमच्याकडे लग्नघरचे लोक आवाज ऐकण्याआधी पेट्या मोजतात. भिंत उभी दिसली पाहिजे, मग आतून काही निघो न निघो. म्हणून ऑर्केस्ट्रावाले दोन खऱ्या पेट्यांशेजारी दोन रिकाम्या ठेवतात, वर तीच जाळी, तेच काळं कापड. सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. हा बोलला.

दिवसा मी बुलढाण्यात कोर्टाबाहेर टायपिंग करतो आणि लग्नाच्या दिवसांत बेस गिटार वाजवतो. पेट्या माझ्या भाऊजींनी केल्या होत्या. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, मेहकरला सुतारकाम करणारा. दारं-खिडक्या सगळेच सुतार करतात. यांचा जीव पेट्यांवर. जोड असे की नख शिरणार नाही. मोठ्या सुरावर पेटीच्या पाठीला तळहात लावला तर थरथर जाणवायची, खडखड नाही. माझ्या अँप्लिफायरच्या, म्हणजे आमच्या भाषेत मशीनच्या, मागे छापलं होतं, भार चार ओहमच्या खाली नको. भाऊजींची एकेक पेटी आठ ओहमची. दोन जोडल्या की बरोबर चार. वॅटही त्यांनी मशीनशी जुळवून घेतले होते. सामान गाडीत चढवताना ते दर खेपेला तेच सांगायचे, "साळेबुवा, दोनच लावजा. तिसरी लावाची नाई. कोनी कितीबी बोंबलू द्या."

ओहम म्हणजे विजेला होणारी अडवणूक, आणि तिचं गणित उलटं चालतं, म्हणून लोक फसतात. पेट्या वाढवल्या की अडवणूक वाढत नाही, कमी होते. विहिरीवरच्या मोटरचा व्हॉल्व्ह पूर्ण सोडला की ती पाणी जास्त फेकते आणि तापते, तसं मशीनचं होतं. मी फसलो नव्हतो. मला हे पाठ होतं.

त्या काकाच्या बोलण्यावर मांडवात हशा पिकला. एकजण म्हणाला, "अर्धा बाजा आनला वाट्टे!" माझ्या कानशिलांत रक्त चढलं. गावातल्या गणपती मंडळाच्या दोन पेट्या शेजारच्या खोलीत पडल्या होत्या, त्याही आठ ओहमच्या. मी त्या मागवल्या, रिकाम्या बाजूला काढल्या आणि चारही पेट्या एकाच मशीनला जोडल्या. चार ओहमचे दोन झाले. वायर पिळताना भाऊजींचा आवाज माझ्या डोक्यात स्पष्ट होता. मी तो ऐकला आणि वायर पिळली. वर काकाला म्हणालो, "घ्या आता, वाजवून पाहा."

दोन गाणी दणक्यात झाली. लोक नाचले, काकाने अंगठा दाखवला आणि मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. तिसऱ्या गाण्यात मशीन गेलं. अशी मशीनं मरताना एकटी मरत नाहीत. आतली बॅटरीसारखी सरळ वीज स्पीकरमध्ये सोडून देतात आणि स्पीकरची कॉइल जळते. म्हणून धूर मशीनमधून निघाला नाही. तो निघाला भाऊजींच्या पेटीच्या जाळीतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नवरीच्या अंगावर कोणीतरी शाल टाकली, बाया लेकरांना ओढत बाहेर पळाल्या.

"कोनं केल्या बे ह्या पेट्या?" काका ओरडला.

"आमच्या भाऊजींनी," मी म्हणालो.

एक अक्षर खोटं नव्हतं त्यात. खोटं मी दुसऱ्या दिवशी बोललो. भाऊजींनी फोनवर विचारलं, "किती लावल्या होत्या?" मी म्हणालो, "दोनच."

एवढ्या एका शब्दावर मी वर्षानुवर्षं गप्प बसलो. गावोगाव गोष्ट पसरली की मेहकरच्या त्या सुताराच्या पेट्या मशीन खातात. भाऊजींनी पेट्या करणं सोडलं. मी ताईकडे सणावाराला जात होतो, पुरणपोळी खात होतो, त्यांच्याशी पावसापाण्याच्या गप्पा मारत होतो. रोज दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप करणारा माणूस मी. 'वरील मजकूर खरा आहे' हे वाक्य बोटांनी किती वेळा उमटवलं असेल!

या वर्षी आमच्या ऑर्केस्ट्राला नव्या पेट्या घ्यायच्या होत्या. सरावाला बसलो असताना मी भाऊजींचं नाव काढलं. कीबोर्डवाला हसला. "तुमच्या भाऊजीच्या? नको बाप्पा. मांडव पेटवाचा हाये का?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. गळाच धरला असता. "पेट्यांत काही खोट नव्हती! अक्कल आहे का तुले?"

"मंग जळल्या कशानं?"

"मी जाळल्या! चार लावल्या होत्या मी!"

कीबोर्डवाला हळूच म्हणाला, "मंग आमच्यावर काऊन चिडून राह्यले?"

त्याचं बरोबर होतं. त्याने जे म्हटलं ते त्याच्यापर्यंत माझ्यामुळेच पोचलं होतं. आता ही गोष्ट दुसऱ्या कोणाकडून मेहकरला पोचण्याआधी मला जायचं होतं. पुढची बस धरली.

भाऊजी अंगणात कोणाच्या तरी दाराची चौकट घासत होते. मी उभ्यानेच सांगितलं. मांडव, काका, मंडळाच्या पेट्या, दोन ओहम, सगळं. ते घासत राहिले. मग रंधा बाजूला ठेवला.

"त्या पेट्या मी फोडल्या," ते म्हणाले. "करवतीनं उभ्या चिरल्या. सारे जोड पाह्यले. वायर पाह्यली. काईच सापडलं नाई. तं मले वाटलं, आपल्याले चूक दिसतबी नाई आता. तुमाले ठावं होतं?"

"हो."

"पह्यल्या दिवसापासून?"

"हो, भाऊजी."

"मंग करवत चालून राह्यली होती तवा तुमी कुठी होते?"

मी इथेच होतो. त्याच अंगणात, चहा पीत होतो.

ताई दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होती. मग माझ्याकडे वळली. "भाऊ, मी याईले काय काय बोलले मालूम हाये का तुले? तुमच्यापायी माह्या भावाचं नाक कापलं गेलं म्हनलं. पेट्यायचा नाद सोडा म्हनून मी शपथ घातली याईले. तुह्या बाजूनं भांडले मी माह्या घरात!" तिचा आवाज फाटला. "जाय आता. पाह्यवत नाई तुह्याकडे."

मी म्हणालो, "भाऊजी, आपण परत सुरू करू. मी पेट्या घेतो तुमच्याकडून."

"उपकार करून राह्यले?" ते पहिल्यांदा ओरडले. "पिंपळगावले जा. त्या मानसाले सांगा. मंग माह्याशी बोला."

मी गेलो. काका ओसरीवर चारजणांत बसला होता, केस पांढरे झालेले, हात तेच. त्या चौघांसमोर मी सांगितलं की पेट्या चांगल्या होत्या, मशीनवर दुप्पट भार मी टाकला, तुमच्या एका टोमण्यापायी.

"अरे बाप्पा," तो म्हणाला, "पेटी जळली का मशीन जळलं, आमाले काय फरक पडते? आमच्या पोरीचं लगन बिघडलं ते बिघडलं. चहा घेता का?"

चौघं हसले. मला त्या ओसरीवर काहीतरी फोडावंसं वाटलं. पण त्याच्या पुतणीच्या लग्नात धूर मीच केला होता, हेही खरंच होतं. चहा न घेता निघालो आणि रस्त्यावर येऊन भाऊजींना फोन लावला.

"सांगितलं," मी म्हणालो.

"काय म्हनला?"

"म्हणाला, आम्हाला काय फरक पडतो."



"मले पडते," भाऊजी म्हणाले आणि फोन ठेवला.