छकुलीचं उत्तर

ती रफूचं काम करायची, आणि काम असं की कापड कुठं फाटलं होतं ते ज्याचं फाटलं त्यालाही सापडू नये. कोटाला सिगारेटचं भोक पडू दे नाहीतर शालीला उंदीर लागू दे, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढायची आणि भोकावर अशी वीण घालायची की गिऱ्हाईक उजेडात धरून शोधत बसायचं. जिन्याखालच्या त्या बोळकांडीएवढ्या दुकानाला पाटी नव्हती. रफूवाली कुठे बसते विचारलं की कुणीही बोट दाखवायचं. पण माणसाचा धंदा त्याच्या अंगात मुरतो म्हणतात ना, तसं तिचं झालं होतं. घरातलं काहीही उसवलं की ते आधी झाकायचं, बाकीचं मग. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे काही ती नुसतं बोलायची नाही, तशी वागायची.

तिची एकुलती एक मुलगी छकुली, नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे हे डॉक्टरांनी फार लवकर सांगितलं होतं, पण रफूवालीने ते सख्ख्या बहिणीलाही कितीतरी दिवस कळू दिलं नाही. छकुलीला बाही चावायची सवय. रोज एका तरी बाहीच्या कडेचा चोथा व्हायचा, आणि मग ती ओली, फाटकी बाही घेऊन पोर आईसमोर उभी राहायची आणि ती तिच्या हातात द्यायची. रफूवाली सकाळपर्यंत ती बाही नव्यासारखी करून ठेवायची. त्यामुळे रस्त्यात भेटणाऱ्याला दिसायची ती वेणीफणी केलेली, इस्त्रीच्या फ्रॉकमधली गोड पोर. किती शहाणी आहे हो, असं लोक म्हणायचे. रफूवालीला ते ऐकायला आवडायचं. का नाही आवडणार? कुठल्या आईला आवडणार नाही?

छकुली बोलायची, पण तिचं बोलणं म्हणजे समोरच्याचे शेवटचे शब्द जसेच्या तसे परत करणं. पाणी हवं, विचारलं की पाणी हवं. बाहेर जायचं, विचारलं की बाहेर जायचं. आता आपल्या भाषेची गंमत बघा, पुष्कळदा प्रश्न आणि उत्तर यांत फरक असतो तो फक्त सुराचा. सूर काढून घेतला की प्रश्नाचंच उत्तर होतं. मोठ्यांच्या हे लक्षातही यायचं नाही, पण गल्लीतल्या पोरांना बरोबर कळलं होतं. ती तिला मिठू म्हणायची आणि खिडकीखाली उभी राहून तिच्याकडून नको नको ते वदवून घ्यायची. एकदा रफूवाली हातात गरम इस्त्री घेऊनच खाली उतरली, तेव्हापासून कार्टी जरा बिचकून होती.

रोज झोपवताना मात्र ती स्वतःच छकुलीच्या कानाशी विचारायची, आई आवडते? छकुली भिंतीकडे बघत म्हणायची, आई आवडते. यातलं तिचं स्वतःचं किती आणि उसनं किती, या फंदात रफूवाली कधी पडली नाही. तेवढ्या दोन शब्दांवर तिचा दिवस निघायचा.

भत्त्याचा विषय निघाला तो शेजारच्या मावशींमुळे. छकुलीचा बाप ट्रकवर होता आणि घरी यायचा तो पाहुण्यासारखा. रफूवाली दुकानात असताना पोरीला मावशी सांभाळायच्या. त्यांचे गुडघे गेले, आणि लेकाने त्यांना वर्षअखेरीला आपल्याकडे न्यायचं ठरवलं. पुढच्याच चौकात अशा मुलांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं, पण ज्या मुलांना अपंगत्वाचा भत्ता मंजूर झालाय त्यांनाच तिथं घ्यायचे. भत्ता नाही तर केंद्र नाही, आणि केंद्र नाही तर दाराला बाहेरून कडी. मावशी एकदा दवाखान्यात गेल्या होत्या तेव्हा रफूवालीने अर्धा दिवस कडी लावून पाहिली होती. परत आली तर दाराच्या आतल्या बाजूला ओरखडे होते आणि छकुलीची नखं रक्ताळलेली होती. त्यानंतर त्या कडीकडे तिच्याने बघवायचं नाही.

म्हणून तिने अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसं थांबून झालं आणि एकदाचा तपासणीचा दिवस आला. तिथले डॉक्टर घाईत होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी थेट छकुलीलाच विचारलं. हाताने जेवता येतं? जेवता येतं, छकुली म्हणाली. बटणं लावता येतात? लावता येतात. घरी एकटं राहता येतं? राहता येतं. डॉक्टर हसून मान डोलवत होते. त्यांना चूक कळली नाही, पण रफूवालीला पहिल्या उत्तरालाच कळली होती. तोंड उघडायचं आणि सांगायचं, साहेब, ही नुसती तुमचेच शब्द परत देतेय, एवढंच करायचं होतं. पण आपली पोर एका परक्या माणसाला पटापट उत्तरं देतेय, तो माणूस कौतुकाने बघतोय, हे तिला जन्मात पहिल्यांदा पाहायला मिळत होतं. तिचा ऊर भरून आला आणि ती गप्प बसली.

अर्ज नामंजूर झाला. मूल प्रश्नांना योग्य उत्तरे देते, काही वेळ एकटे राहू शकते, असं कारण दिलं होतं. मावशींनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अगं, ताकाला जाऊन भांडं लपवलंस की," त्या म्हणाल्या. "आता अपिलाला जाशील तेव्हा तिला फाटक्या बाहीनेच ने. आणि तोंड उघड."

अपील एकदाच करता येत होतं. तेही गेलं तर वर्षभर नव्याने अर्ज करायचा नाही, असा नियम होता. रफूवालीने मावशींना हो हो म्हटलं, आणि सुनावणीच्या सकाळी काय केलं असेल? छकुलीला निळा फ्रॉक घातला, बाह्या रफू करून, कडक इस्त्री करून. सवय हो, दुसरं काय. दाराबाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, पण बस समोर उभी होती.

कचेरीच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या होत्या. कुणी एक हलला की सगळी रांग हलायची. वरची ट्यूब गुणगुणत होती. छकुलीने कानांवर हात घेतले आणि बाही तोंडात धरली. पोर इथेच बिथरली तर तिला आवरायची की बिथरू द्यायची, हेच रफूवालीला ठरवता येईना. बिथरली तर आतले लोक बघतील, त्यांना पटेल. असा विचार आपल्या मनात आला याची तिला लाज वाटली, आणि तरीही तो जाईना. शेवटी तिने पदर छकुलीच्या कानांवरून घेतला आणि तिला पोटाशी धरलं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी शाबासकीच्या सुरात विचारलं, शहाणी आहे ना? पदराआडून आवाज आला, शहाणी आहे ना. आजोबा खूश झाले.

आत टेबलामागे एक अधिकारीण बाई होत्या, रफूवालीपेक्षा थोड्या मोठ्या. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून चेहरा थकलेला, पण आवाज सरळ. त्यांनी आधीचा निकाल वाचला, छकुलीकडे पाहिलं, आणि विचारलं, इथे बरं वाटतं? बरं वाटतं, छकुली म्हणाली. बाईंनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं.

ती म्हणाली की पोर फक्त ऐकलेलं परत म्हणते, त्याचा अर्थ तिला लागत नाही. बाई म्हणाल्या, मग पहिल्या वेळी हे का नाही सांगितलं? अपिलात येऊन सगळेच आईबाप वेगळं सांगतात, मी कशावर विश्वास ठेवू? रफूवालीने छकुलीच्या तोंडातून चावलेली बाही सोडवली आणि उलटी करून बाईंसमोर धरली. आतल्या बाजूला धाग्यांची टोकंच टोकं होती, रफूवर रफू, त्यावर पुन्हा रफू. बाईंनी बोट फिरवून पाहिलं. खूप मुलं कपडे चावतात, त्या म्हणाल्या, आणि तसं बोलताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. प्रश्न एवढाच आहे की ती समजून बोलते का. एकटी सोडली तर स्वतःला सांभाळेल का.

"विचारा तिला, डोक्यावर शिंगं आहेत का," रफूवाली म्हणाली. "गल्लीतली पोरं तिला मिठू म्हणतात, बाई. ती हेच करतात."

बाईंनी विचारलं, शिंगं आहेत? शिंगं आहेत, छकुली म्हणाली. बाई किंचित हसल्या आणि पुन्हा गंभीर झाल्या. या वयाची मुलं चेष्टा करतात, माझी भाचीही असलंच काहीतरी बोलते. असं म्हणून त्यांनी पेन उचललं. रफूवालीला त्या पेनाच्या टोकाशी दाराची कडी दिसली.

ती खुर्चीवरून उठली आणि छकुलीसमोर जमिनीवर बसली. काय विचारलं की बाईंना पटेल, हे तिला केव्हाचं ठाऊक होतं. तेवढं एक सोडून बाकी सगळं तिने करून पाहिलं होतं. तिने मुलीच्या कानाशी तोंड नेलं, रोज झोपवताना नेते तसं.

"आई आवडते?"

"आई आवडते," छकुली म्हणाली.

मग त्याच आवाजात, तितक्याच मायेने रफूवालीने विचारलं.

"आई आवडत नाही?"

"आई आवडत नाही," छकुली म्हणाली. तोच सूर, तीच लय. नजर भिंतीवर.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि आपल्या पुढ्यातला पाण्याचा पेला रफूवालीकडे सरकवला. मग पुन्हा पेन घेऊन त्यांनी बराच वेळ लिहिलं. पत्र यायला आठवडा लागेल, त्या म्हणाल्या, पण भत्ता मंजूर आहे, केंद्राला मी आजच कळवते. रफूवालीने हात जोडले. ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते मिळालं होतं, आणि तिला रडू आवरत नव्हतं. ते आनंदाचं नव्हतं.

बाहेर जोडलेल्या खुर्च्यांवर ती येऊन बसली तेव्हा आजोबा अजून तिथेच होते. झालं का काम, त्यांनी विचारलं. तिने मान हलवली. छकुलीशी काही बोलायची तिला भीती वाटत होती. कुठलाही शब्द टाकला तरी तोच परत येणार, आणि आज तो तिला सोसवणार नव्हता. म्हणून ती नुसती समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

तेवढ्यात तिच्या हाताला काहीतरी ओलं लागलं. छकुली समोर उभी होती. तिने चावून फाडलेली बाही पुढे केली होती, आणि आईची बोटं एकेक करून उलगडून ती त्यांत कोंबत होती. शेजारी आजोबा होते, दाराशी शिपाई होता. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाही आईच्याच मुठीत द्यायची होती. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, कुणी शिकवलंही नव्हतं.

रफूवालीने डोळे पुसले आणि पर्समधून सुई काढली. निळा धागा घरी राहिला होता, होता तो पिवळा. एरवी तिने तो हातातही घेतला नसता. आज तिने तोच ओवला, छकुलीला जवळ ओढलं, आणि आजोबांच्या, शिपायाच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत निळ्या बाहीवर पिवळे टाके घालायला बसली.