इंजिनाची डाय

टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात, ऑइलचा वास आणि किस्से. आंघोळीने दोन्ही जात नाहीत.

जळगावच्या एमआयडीसीत आमच्या शेठजींचा प्लास्टिकचा कारखाना होता. बादल्या, मग, डब्यांची झाकणं. मी तिथे ड्रॉइंगला होतो. एक दिवस मुंबईच्या पार्टीने वाफेच्या इंजिनाचं मॉडेल करायला दिलं. हातभर लांब, पण खऱ्यासारखं हुबेहूब. पहिला नमुना पास झाला तर पुढचे डबे, वॅगनी, सगळी गाडी आमची. नापास झाला तर काम दुसरीकडे.

आमचे डायमेकर, म्हणजे पोलादात साचे कोरणारे, नाना धरणगावचे, बोलायला एकदम फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाले, "पहिल्याच शॉटला पास. नाहीतर ह्या टूलरूमात मी पाय ठेवणार नाही."

झालं! नाना बोलले म्हणजे बोलले.

*

शेठजींना वाटलं होतं, खेळण्यातली गाडी ती, दोन महिन्यांत बाजारात जाईल. दिवाळी गेली, होळी गेली, तरी टेबलावर नुसते पोलादाचे ठोकळे. एकदा ते नातवाला गाडी दाखवायला घेऊन आले. नानांनी ठोकळ्यात कोरलेल्या पोकळीकडे बोट दाखवलं.

"जिथं काहीच नाही ना बाळा, ती गाडी."

नातू रडायला लागला. शेठजींचाही चेहरा बघवत नव्हता.

*

इंजिनाच्या अंगभर रिव्हेट असतात. मॉडेलवर रिव्हेट वर यायचा, तर डायमध्ये तेवढाच बारीक खड्डा पाडावा लागतो. नाना श्वास रोखून एकेक टोचा मारायचे. एक जरी सरकला तर अख्खा ठोकळा भंगारात. त्या वेळी शेजारचं प्रेस बंद, पंखा बंद, बोलणं बंद.

एकदा शेठजींना शिंक आली. मालक माणूस, पण नाक दाबून थेट गेटबाहेर पळाले आणि रस्त्यावर जाऊन शिंकले. आत येताना वॉचमनने विचारलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही, रिव्हेट चाललेत."

*

मी एकदा सुचवलं, नाना, इथे अजून थोडं घासू या का? त्यांनी कानस खाली ठेवली.

"लोखंड काढता येस, परत लावता येत नही."

घरीही तेच. नानी सांगायच्या, यांना भाजीत मीठ टाकायला सांगितलं की भाजी अळणीच. हाताची सवय!

*

शेवटी डायमध्ये प्लास्टिक भरून पहिला शॉट निघाला. डाय उघडली आणि आतून गरम इंजिन हातात आलं. शिड्या, पाइप, नंबर, रिव्हेटची रांगच्या रांग. मी तर बघतच राहिलो. माणसाच्या हातून असलं काही होतं?

मुंबईचे साहेब भिंग लावून बघत होते. इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यावर त्यांचं बोट थांबलं.

"हा पोचा कसला?"

नानांनी भुसावळच्या यार्डात उभ्या असलेल्या इंजिनावर स्वतः चढून मापं घेतली होती. इंजिनाला पोचा होता, तोही मापासकट डायमध्ये आला होता. साहेब म्हणाले, ड्रॉइंगमध्ये हा नाही, नमुना नापास. नानांनी वाद घातला नाही. मुकाट्याने एप्रन सोडायला लागले. मला तर ते बघवेना.

त्याच इंजिनाचे जुने ड्रायव्हर आबा आता रिटायर झाले होते. त्यांनीच यार्डातली ओळख काढून दिली होती, म्हणून शेठजींनी त्यांना पेढ्यांना बोलावलं होतं. आबांनी मॉडेल हातात घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून अंगठा फिरवत गेले. पोच्यावर अंगठा थांबला.

"हाई मनीच शे," आबा म्हणाले. "ही माझीच गाडी. पाणी भरायच्या खांबाला घासली होती मी. रेल्वेच्या साहेबाचा मेमो खाल्ला होता त्यापायी."

खरं इंजिन तोवर तुकडे करून भट्टीत गेलेलं होतं.

साहेबांनी नमुना परत घ्यायला हात पुढे केला. आबा काही सोडेनात. साहेबांचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तो त्यांनी खिशाकडे नेला, पेन काढलं आणि माझ्याकडे वळले.

"ड्रॉइंगमध्ये पोचा दाखवायचा राहिलाय तुमचा. तेवढा घाला, मी पासची सही करतो."