चाचींनी न निवडलेलं पुस्तक

ही हकीकत सांगायचं मी बारा वर्षं टाळत आलो. खैरूनचाचींचा विषय निघाला की त्यांच्या हाताच्या चवीबद्दल भरभरून बोलायचो आणि नेमकी एक गोष्ट गाळायचो. आता माझं दुकान बंद झालं आहे, वयही झालं आहे. ज्यांनी चाचींना कधी पाहिलं नाही, त्यांच्यापर्यंत त्यांच्याबद्दल खोटं पोचू नये म्हणून लिहितो.

कोल्हापुरात माझं पुस्तकांचं लहानसं दुकान होतं. शेजारी चाचींच्या घरची बेकरी. मधली भिंत भट्टीमुळे कायम कोमट असायची. चाचींना अक्षरओळख नव्हती. पण स्वयंपाकाचं पुस्तक कोणतं घ्यायचं, हे पेठेतल्या बायका त्यांना विचारून ठरवायच्या. मोबाईलवर सगळं दिसत असलं, तरी लेकीच्या रुखवतात एक जाडजूड पुस्तक ठेवायची हौस आमच्याकडे अजून आहे. रोजच्या आमटीपासून सणाच्या जेवणापर्यंत आणि शेवटी केक-बिस्किटांपर्यंत सगळं त्या एकाच पुस्तकात हवं असतं. असं नवं पुस्तक आलं की दुपारी गिऱ्हाईक नसताना मी ते घेऊन बेकरीच्या फळीवर बसायचो आणि चाचींना वाचून दाखवायचो.

त्यांची रीत ठरलेली होती. "चित्रं ऱ्हाऊ द्या भाऊ. पांढऱ्या रश्श्याचं वाचा." मी वाचायचो. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळू द्यायचा नाही, हे पुस्तकात आलं नाही की त्या हात झटकायच्या. "ह्या बाईनं रस्सा वाटीत बघितलाय, चुलीवर न्हाय." रस्सा पार पडला की साधं वरण. "बिर्याणी समदीच जपून लिवत्यात. वरणात माणूस कळतंय." एका पुस्तकात चार जणांच्या भाजीला दोन बटाटे सांगितले होते. चाची म्हणाल्या, "चारीबी आजारी हायत व्हय?" आणि शेवटी नानकटाई. तिथे त्या डोळे मिटून ऐकायच्या. चाळीस वर्षं भट्टीपुढे काढलेल्या बाईला तिथे फसवणं शक्य नव्हतं.

त्या वर्षी पिवळ्या पुठ्ठ्याचं एक पुस्तक आलं. छपाई सुरेख, बांधणी घट्ट. रश्श्यात पास झालं, वरणात पास झालं. चाची खूश होत्या. नानकटाईच्या पानावर मी वाचलं, 'तूप पातळ करून मैद्यात घालावे.'

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मग न्हाय. थिजलेलं तूप हातानं फेसायचं असतंय. पातळ घातलं की भट्टीत गेल्या गेल्या पसरतंय. बाकी पुस्तक झ्याक हाय, भाऊ. पर नवी पोरगी पुस्तकावर इस्वास ठेवती. तिला ही एक ओळ रडवंल. ह्ये नगं."

मी त्या प्रती मागच्या कपाटात ठेवल्या. परत पाठवायच्या होत्या, पण राहून गेलं.

लग्नसराईत कोडोलीहून एक गृहस्थ आले. दोन दिवसांवर मुलीचं लग्न. मुलगी आमच्याच पेठेत येणार होती. "चाचींनी पसंत केलेलं पुस्तक द्या," म्हणाले. चाचींच्या पसंतीचं पुस्तक संपलं होतं. दोन दिवसांनी येतं, एवढं सांगता आलं असतं. शेजारी विचारून या, असंही सांगता आलं असतं. पण मोटारसायकल चालू ठेवून आलेल्या माणसाला रिकाम्या हाती पाठवणं माझ्यातल्या दुकानदाराला जमलं नाही. मी कपाट उघडून पिवळं पुस्तक काढलं. "हेच का ते?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हेच. चाचींनी स्वतः निवडलंय."

दिवाळीत आमच्या गल्लीत बायका घरून पीठ मळून डबे घेऊन बेकरीत येतात, तिथेच पत्र्यावर नानकटाया थापतात आणि भट्टीतून भाजून नेतात. चाची प्रत्येक पत्र्यावर खडूनं खूण करायच्या. त्या वर्षीच्या दिवाळीत एका सकाळी गर्दी एवढी होती की त्यांना कुणाचं पीठ हात लावून बघायला सवड नव्हती. अकराच्या सुमाराला एक पत्रा बाहेर आला. त्यावर चाळीस नानकटायांची मिळून एकच तपकिरी पोळी झाली होती.

"ह्यो काय पापड केलास गं?" सासू सगळ्यांपुढे सुनेला म्हणाली. "घरात मी ढीग सांगितलं, तर म्हणती पुस्तकात असंच हाय! आईनं काय शिकवलंय का न्हाय?"

मुलगी रडत म्हणाली, "आमच्या अप्पांनी आणलंय ते पुस्तक. चाचींनी निवडलेलं हाय म्हणून."

सासू चाचींकडे वळली. "वाचाय येत न्हाय, मग पुस्तकं निवडायचा उद्योग कशाला करताय ओ?"

ओळीनं बायका उभ्या होत्या. मी माझ्या दारात, चार पावलांवर. मुलीच्या हातात पिवळा पुठ्ठा होता. चाचींनी तो पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. खरं काय ते मी सांगेन, अशी वाट बघितल्यासारखं. मी खाली वाकून पुस्तकांचा एक गठ्ठा सोडायला लागलो. गठ्ठ्याची गाठ आधीच सुटलेली होती.

"व्हय बाई," मागून चाचींचा आवाज आला. "माझ्या ऐकण्यात चूक झाली. पोरीला बोलू नका." मग त्या मुलीला म्हणाल्या, "पुस नाक. ये हिकडं." त्यांनी बेकरीतला मैदा आणि तूप घेतलं, मुलीचे हात परातीत घातले आणि तिच्याकडून सगळं पुन्हा करून घेतलं.

त्यानंतर पुस्तक विचारायला बायका येईनाशा झाल्या. महिनाभरानं मी धीर करून एक नवं पुस्तक घेऊन फळीवर बसलो. "नगं भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मला नीट ऐकू येत न्हाय." रस्त्यापलीकडून कुणी पाव मागितला, तर ते त्यांना बरोबर ऐकू गेलं.

मला त्या कधीही टाकून बोलल्या नाहीत. बेकरीत चहा आला की माझा कप पूर्वी यायचा तसाच येत राहिला. त्यामुळे सांगणं सोपं व्हायला हवं होतं. मला ते अवघड गेलं.

पुढे त्या लेकीकडे कागलला राहायला गेल्या. दोन वर्षांपूर्वी, आजारी आहेत असं कळल्यावर मी एसटीनं गेलो. जाताना वाक्य पाठ केलं होतं. खोलीत लेक होती, नात होती. लेकीनं नातीला माझी ओळख करून दिली, "ह्येच ते पुस्तकवाले मामा. नानी ज्यांच्या दुकानातलं पुस्तक निवडाय चुकलीती की, ती गोष्ट न्हाय का!" नात हसली. म्हणजे घरातही चाचींनी खरं सांगितलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या माणसांत ती चूक त्यांच्याच नावावर होती, आणि तिचं आता गमतीत रूपांतर झालं होतं.

चाची उशीवरून म्हणाल्या, "व्हय की. चुकलेच मी." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. पूर्वीसारखंच.

मी विचारलं, "औषध वेळेवर घेता ना?"

पंधरा दिवसांनी त्या गेल्या. पाठ केलेलं वाक्य असं होतं: चाची, तुम्ही बरोबर ऐकलं होतं, खोटं मी बोललो, मला माफ करा.